न सापडलेले जवान, न सापडलेली विमानं आणि आपल्या सातारा-सांगलीतली नावं

माणदेशी_वारा (दहिवडी)

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो. लांबलंय तेवढं सांभाळून घ्या.

७ फेब्रुवारी १९६८ ला हवाई दलाचं एएन-१२ विमान चंदीगडवरून लेहला निघालं. आत १०२ माणसं, बरेचसे जवान आपापल्या ड्युटीवर चाललेले. पुढं हवा खराब आहे म्हणून पायलटनं विमान माघारी वळवलं आणि रोहतांग खिंडीच्या आसपास संपर्क तुटला तो तुटलाच. ना धूर ना पत्रा ना माणूस. ३५ वर्षं कुणाला काही कळलं नाही. २००३ ला मनालीच्या पर्वतारोहण संस्थेची माणसं ढाका ग्लेशियरवर चढत होती त्यांना बर्फात अवशेष दिसले, त्यातल्या एका जवानाची ओळख पटली आणि तेव्हा समजलं की विमान इथं पडलंय. मग सैन्यानं मोहिमा काढल्या, २०१९ ला इंजिन, पंख्याचे भाग, कॉकपिटचं दार असं बरंच सामान मिळालं आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेरीला डोग्रा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यूच्या पोरांनी अजून चार मृतदेह खाली आणले. एकाची ओळख खिशातल्या पे-बुकवरनं, म्हणजे पगाराच्या वहीवरनं पटली. ५६ वर्षांनी! कागद टिकला बर्फात. पण घरात वाट बघणारी माणसं किती उरली असतील तोवर?

१०२ मधले बहुतेक अजून वरच आहेत.

मी हे लिहितोय कारण आपल्याकडं माण-खटाव म्हणा, कोरेगाव म्हणा, तिकडं वाळवा-शिराळा-तासगाव म्हणा, फौजेत माणूस नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. ज्याची पेटी तिरंग्यात गावाला आली त्याचं नाव वेशीवर, शाळेला, चौकाला लागतं आणि लागलंच पाहिजे. पण ज्याचं काहीच परत आलं नाही त्याचं काय होतं? आमच्या बाजूच्या एका गावात स्मारकाच्या फरशीवर एक नाव नाही. विचारलं तर म्हातारी माणसं म्हणतात, "त्याचं काय नक्की न्हवतं ना, मग कसं घालायचं." नक्की नव्हतं म्हणून दगडावरनं पण गेला आणि आता त्याला ओळखणारी दोन-तीनच माणसं राहिलीत, ती गेली की संपलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की असे आपल्या दोन जिल्ह्यातले जे जे आहेत, पहिल्या महायुद्धापासून आजपर्यंतचे, त्यांची गाववार यादी आपण इथं करूया. ज्यांना जे माहीत आहे, घरात जो कागद आहे, तो सांगा.

---

अपशिंगेचा_नातू

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद दादा.

आमचं आजोळ मिलिटरी अपशिंगे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण गेले, त्याचा दगड गावात आहे, बऱ्याच जणांनी बघितला असेल. पण त्यातले कितीजण कुठल्या मातीत आहेत हे विचारलं तर घरोघरी एकच उत्तर मिळतं, "बसऱ्याला." आमच्या आईच्या पणजोबांच्या भावाचं तसंच. बसऱ्याच्या लढाईत गेला, पुढं काय नाही.

बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आताचा इराक. तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. डिसेंबर १९१५ पासून वेढा, खायला घोडी-खेचरं मारायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. साधारण १३ हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली, त्यातली बहुतेक हिंदुस्थानी. त्यांना वाळवंटातनं चालवत वर नेलं, रेल्वेच्या कामाला लावलं, वाटेत जे पडले ते तिथंच राहिले. कोण खणणार कबर आणि कोण देणार अग्नी.

बसऱ्याला इंग्रजांनी मोठं स्मारक बांधलं, ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांवर माणसांचं. आता नीट वाचा. गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या अधिकाऱ्यांची कोरली, आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. अमुक पलटण, इतके. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलच्या स्मारकावर मात्र हिंदुस्थानी शिपायांची नावं आहेत, म्हणजे नावं कोरणं जमत नव्हतं असं नाही. २०२१ मध्ये ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननंच रिपोर्ट काढून कबूल केलं की हे चुकीचं झालं, हजारो लोकांना बरोबरीनं वागवलं नाही, आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी.

आणि हे स्मारक आता मूळ जागेवर पण नाही. १९९७ ला सद्दामच्या हुकमानं उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन बसवलं.

आमच्या मामाच्या देव्हाऱ्याशेजारी एक पितळी वाटणारी पण खरं तर ब्राँझची गोल चकती आहे, तळहातापेक्षा मोठी. त्यावर हातात हार घेतलेली बाई, पायाशी सिंह आणि चौकटीत उठावदार अक्षरात आमच्या त्या आजोबांचं नाव. इंग्रज सरकारनं मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी पाठवली होती. दसऱ्याला शस्त्रांबरोबर ती पण पुजतात, चिंचेनं घासून घासून नावातलं शेवटचं अक्षर पार पुसट झालंय. मामीला सांगितलंय, आता घासू नका, नुसतं हळदकुंकू वाहा. त्यांचं नाव जगात कोरलेलं असं हे एवढंच आहे.

---

पाटलाचा_वाडा

चकतीचा फोटो टाका ना शक्य असेल तर. आमच्याकडं पण तसलीच आहे, आम्ही इतकी वर्षं बक्षीस समजत होतो.

---

रिटायर्ड_एअरमन_विटा

मी हवाई दलात टेक्निकल ट्रेडला होतो, आता विट्याला असतो. एएन-३२ वर बरीच वर्षं हात काळे केलेत त्यामुळं या विमानाबद्दल दोन शब्द लिहायचा हक्क आहे असं समजतो.

एएन-३२ ची दोन प्रकरणं लोकांना माहीत पाहिजेत. पहिलं २५ मार्च १९८६ चं. नवी कोरी विमानं रशियातनं आपल्याकडं आणत होते, मस्कतवरून जामनगरला यायचं, त्यातलं एक अरबी समुद्रावर गेलं ते आजतागायत मिळालं नाही. सात जण होते आत. त्याची आठवण सुद्धा आता कुणी काढत नाही.

दुसरं २२ जुलै २०१६. चेन्नईजवळच्या तांबरमवरून साडेआठला निघालं, पोर्ट ब्लेअरला जायचं, २९ जण आत, त्यातले आठ तर विशाखापट्टणमच्या नौदलाच्या शस्त्रागाराचे सिव्हिलियन कामगार. विमान २३ हजार फुटांवर, पुढं ढग, पायलटनं बाजूनं जायला मागितलं, आणि ९ वाजून १२ मिनिटांनी रडारवर दिसलं की डावीकडं वळून भराभर खाली येतंय. नंतर काही नाही. त्यात आपल्या पुण्याकडचा एक तरुण अधिकारी पण होता, तेव्हा मराठी पेपरात रोज बातमी असायची.

तेव्हा लोक विचारायचे, एवढी टेक्नॉलॉजी आहे, उपग्रह आहेत, विमान सापडत कसं नाही? तर समजून घ्या. विमानात जो ईएलटी असतो, म्हणजे आपटल्यावर आपोआप सिग्नल सोडणारा डबा, तो रेडिओवर चालतो आणि रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातनं वर येत नाहीत. विमान बुडालं की डबा चालू असला तरी मुका. पाण्याखाली चालतो तो वेगळा, आवाजाचे ठोके देणारा, त्याची बॅटरी महिनाभर टिकते आणि ऐकायला जहाज किंवा पाणबुडी बऱ्यापैकी डोक्यावर यावी लागते. २०१५ च्या जूनमध्ये कोस्ट गार्डचं डॉर्नियर तामिळनाडूच्या समुद्रात पडलं, तीन जण होते, तिथं आपल्या सिंधुध्वज पाणबुडीनं असलाच आवाज पकडला आणि महिन्याभरात ९९५ मीटर खोलीवरनं रेकॉर्डर वर काढला. म्हणजे आवाज असला तर मिळतं.

२०१६ वाल्याचं तसं झालं नाही. जहाजं, विमानं, पाणबुडी सगळं लावून १५ सप्टेंबरला घरच्यांना कळवलं की सगळे मृत समजण्यात येत आहेत. आणि मग जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेचं (एनआयओटी) बिनमाणसाचं पाणबुडी यंत्र त्या भागात खाली सोडलं, त्यानं तळाचे फोटो काढले, ३४०० मीटरवर विमानाचे तुकडे. साडेसात वर्षांनी. चेन्नईच्या किनाऱ्यापासून साधारण १४० सागरी मैल. त्या पट्ट्यात दुसरं कुठलं विमान पडल्याची नोंदच नाही.

३४०० मीटर म्हणजे किती, तर कळसूबाई शिखर उलटं करून पाण्यात घातलं तरी दीड हजार मीटरच्या वर उरतंय. तिथनं माणसं वर आणणं आजच्या घडीला नाही होत. पण जागा कळली. मी त्या दिवशी रडलो हे इथं लिहायला मला काही वाटत नाही, कारण आमच्यासारख्यांनी सह्या करून विमान सोडलेलं असतं, आणि ते परत आलं नाही की आयुष्यभर मनात राहतं की नट एखादा आपल्या हातनं ढिला तर नाही ना राहिला. जागा सापडली की निदान पुढचा तपास करायला दार उघडं राहतं.

---

माणदेशी_वारा (दहिवडी)

@एअरमन काका, हे असं आतलं कुणी सांगत नाही. १९८६ चं मला अजिबात माहीत नव्हतं.

---

शुभांगी_वाळवा

मी इथं फारसं लिहीत नाही, वाचते फक्त. पण हे वाचून राहवलं नाही.

माझ्या सासूबाईंच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना थोरल्या आई म्हणायचो. त्यांचे मालक मराठा पलटणीत, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत गेलेले. जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा तिथली मराठ्यांची दुसरी बटालियन जर्मनांच्या हाती लागली. त्यातले बरेचजण पुढं इटलीच्या कॅम्पातनं सुटून घरी आले, आमच्याच भावकीतला एकजण आला. आमचे नाही आले. आधी तार आली की ठावठिकाणा नाही. मग वर्षभरानं काहीतरी कागद आला तो इंग्रजीत, गावातल्या मास्तरांनी वाचून सांगितला आणि काय सांगितलं त्यावर घरात दोन मतं झाली. एक म्हणे गेला, एक म्हणे कैदेत आहे.

थोरल्या आईंनी बांगड्या काढल्या नाहीत. घरातल्यांनी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळेला त्या म्हणाल्या, "माती बघितलीय का कुणी? मग मला सांगू नका." वटपौर्णिमेला जायच्या, हळदीकुंकवाला मात्र बायका बोलवायच्या नाहीत. बोलवायचं तरी पंचाईत, नाही बोलवायचं तरी पंचाईत, म्हणून न बोलवलेलं सोपं. सगळं आयुष्य असं मधल्यामधी. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या नव्वदीच्या आसपास, हातात दोन दोन हिरव्या बांगड्या होत्या.

आणि भावनेपेक्षा त्रास दिला तो कागदांनी. सातबारावर मालकांचं नाव तसंच. वारस नोंद करायला गेलं की मृत्यूचा दाखला आणा. दाखला कुठनं आणायचा? ग्रामपंचायत म्हणणार मृत्यू इथं झाला नाही. त्यात दिरांनी जमीन कसली, पुढं वाटणीला भांडणं लागली, कोर्टात गेली. ज्या माणसानं देशासाठी, नाही म्हणजे तेव्हा इंग्रजांच्या सैन्यात का असेना, जीव दिला त्याच्या बायकोला स्वतःच्या रानातली ज्वारी मागून घ्यायला लागायची. हे मी सासूबाईंच्या तोंडून ऐकलंय आणि सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो.

दादा, आमचं नाव लिहून घ्या यादीत. वाळवा तालुका. बाकी माहिती घरातल्यांना विचारून टाकते.

---

खटावकर_८७

ताई, वाचून गप्पच झालो.

---

वकील_कराड

शुभांगीताईंच्या मुद्द्यावर कायद्याचं थोडं सांगतो, अजूनही लोक यात अडकलेत म्हणून.

माणूस सात वर्षं ज्यांना कळायला पाहिजे त्यांना कळलाच नाही, तर तो हयात आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. पूर्वी हे १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, आता नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १११. दिवाणी कोर्टातनं तसं घोषित करून घेतलं की वारस नोंद, बँक, विमा सगळं मार्गी लागतं. वाट मोठी आहे पण आहे.

फौजेतल्या माणसाचं मात्र वेगळं. लढाईत, हिमस्खलनात, विमान अपघातात बेपत्ता झाला तर युनिट कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसवतं आणि पुराव्यावरनं सात वर्षं न थांबता मृत्यू गृहीत धरता येतो. वर एअरमन काकांनी सांगितलं तसं २०१६ मध्ये दोन महिन्यांच्या आत झालं. तो कागद हातात आला की पेन्शन चालू होते. माझ्याकडं येणाऱ्या लोकांची अडचण पुढची असते. रेकॉर्ड ऑफिसचा कागद असतो पण महसूलवाल्यांना तो मृत्यूचा दाखला वाटत नाही आणि घरच्यांना कोण समजावून सांगत नाही. तर अशा घरांनी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, साताऱ्याला पण आहे सांगलीला पण आहे, सैन्य नंबर घेऊन जा. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, त्यांच्याशी पत्रव्यवहार तिथनं करता येतो. नंबर नसेल तर सगळंच अवघड, म्हणून जुनी पत्रं, मेडलं फेकू नका. मेडलाच्या कडेला नंबर आणि नाव बारीक कोरलेलं असतं, भिंगानं बघा.

---

कृष्णाकाठ_मिरज

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

जो गेला तो गेला. १८ हजार फुटांवर पन्नास वर्षांपूर्वीच्या मृतदेहासाठी आजची पंचवीस वर्षांची पोरं पाठवायची, त्यांच्यावर बर्फ कोसळला तर? समुद्राच्या तळाला यंत्रं सोडायची, त्याचा खर्च? तेवढ्या पैशात आत्ता उडणाऱ्या विमानांना चांगले सिग्नलचे डबे बसवा, आत्ता सियाचेनला उभ्या असलेल्या जवानाला चांगले बूट द्या. माझा मेव्हणा फौजेत आहे, मला जिवंत मेव्हण्याची काळजी जास्त आहे. यादी करा, चांगलंच आहे, पण शोध कायम चालू ठेवा हा हट्ट मला पटत नाही.

---

सुभेदार_साहेब (कोरेगाव)

मिरजकर, तुमचा मेव्हणा सुखरूप राहो. पन तुम्ही त्यालाच विचारा एकदा, तुला तितं काय झालं तर मागं सोडून यायचं का म्हनून. काय म्हनतोय बगा.

मी मराठा लाईट इन्फंट्री, सियाचेन करून आलोय. वर जाताना आमाला सांगत्यात, जोडीदाराला सोडायचं न्हाई. दोराला दोर बांधून चालत्यात. एक जन फटीत गेला तर बाकीचे त्याला धरून बसत्यात, बर्फाची फट म्हंजे वरनं दिसत न्हाई, वर नुसतं पापुद्र्यागत बर्फ आसतंय. तिथं मानूस उभा ऱ्हातोय तो सामानाच्या जिवावर न्हाई. मागं आपली मानसं हायत, ती आपल्याला टाकून जायची न्हाईत, या भरवशावर ऱ्हातोय. हा भरवसा मोडला की तुमचे बूट घालून बी कोन उभा ऱ्हायचा न्हाई.

२०१६ च्या ३ फेब्रुवारीला सियाचेनच्या सोनम पोस्टवर बर्फ कोसळलं, धा जन गाडले. १९ मद्रासची पलटन, त्यात आपल्या मान तालुक्यातला बी एक नर्सिंग असिस्टंट व्हता. सगळ्यांनी सांगितलं व्हतं कोन वाचायचं न्हाई. पन फौज हटली न्हाई, बर्फ कापायची यंत्रं, रडार, कुत्री सगळं वर नेलं, १९ हजार फुटाच्या वर, पंचवीस-तीस फूट बर्फ खनलं. साव्या दिवशी एक जिवंत निघाला, लान्स नायक हनुमंतप्पा, पुढं दिल्लीला दवाखान्यात गेला बिचारा. पन धाच्या धा बाहेर काढले. मान तालुक्याच्या त्या पोराला गावची माती मिळाली ती कुनीतरी खनत ऱ्हायलं म्हनून.

आनि १९८४ च्या मे मदी १९ कुमाऊंची तुकडी बर्फात गेली, त्यातला लान्स नायक चंद्रशेखर हरबोला २०२२ च्या आगस्टात एका जुन्या बंकरात मिळाला. ३८ वर्षं! गळ्यातल्या बिल्ल्यावर नंबर व्हता म्हनून वळखला. बायको जिती व्हती त्यांची हल्द्वानीला. तिनं अंत्यदर्शन घेतलं.

तुमच्या मिरज भागातलेच एक हवालदार १९९३ ला फटीत गेलेले, २०१४ ला मिळाले. खिशात घरनं आलेलं पत्र तसंच. तुमच्याच तिकडं मानसं असतील त्यास्नी वळखनारी, विचारा जाऊन त्यास्नी, उगं खर्च झाला का म्हनून.

---

कृष्णाकाठ_मिरज

सुभेदार साहेब, मिरजेचं मला खरंच माहीत नव्हतं. तुमच्या बोलण्यातला भरवशाचा मुद्दा मान्य. तरी पन्नास वर्षं जुन्या ठिकाणी धोका पत्करायचा का यावर माझं मत तेच आहे. हवा चांगली असेल तेव्हा, ट्रेनिंगच्या मोहिमेबरोबर जोडून करा, ते ठीक.

---

सुभेदार_साहेब (कोरेगाव)

तसंच करत्यात. ढाका ग्लेशियरला बी मोसम बगूनच जात्यात, थंडीत कोन जात न्हाई.

---

केतकी_सांगली

बर्फ आणि समुद्र झाला, पण यातला सगळ्यात दुखरा भाग कुणी काढला नाही. १९७१ चे ५४.

१९७१ च्या लढाईत आपण ९३ हजार पाकिस्तानी कैदी पकडले आणि सिमला करारानंतर सोडले. आपले ५४ जण, सैन्यातले आणि हवाई दलातले, पाकिस्तानच्या कैदेत राहिले असावेत असं घरचे पहिल्यापासून सांगतायत. नंतर सरकारी आकडा ८३ झाला, आणि पाकिस्तान एकच सांगतो, आमच्याकडे कोणी नाही.

यात आपले मराठी फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. सुखोई-७ घेऊन ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोटच्या विमानतळावर हल्ल्याला गेले आणि पाडले गेले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. तिकडच्याच एका वर्तमानपत्रात जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या बातमीत त्यांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव छापून आलं होतं. मेजर अशोक सुरींच्या वडिलांना तर १९७४-७५ मध्ये कराचीहून मुलाचं पत्र आलं, अक्षर ओळखीचं. मेजर घोषांचा गजाआडचा फोटो टाइम मासिकात आला. एवढं सगळं असून कोणी परत आलं नाही. जून २००७ मध्ये १४ नातेवाईकांना पाकिस्तानातले तुरुंग बघायला नेलं, दमयंतीबाई पण होत्या. कुणी भेटलं नाही.

बर्फातला माणूस निदान बर्फात आहे. इथं तर घरच्यांनी पन्नास वर्षं रोज विचार केला की आत्ता त्याला जेवायला मिळालं असेल का. म्हणून मला वाटतं की शोध चालू ठेवा हे नुसतं खणण्यापुरतं नको. फायली उघडा. कुठल्या वर्षी कुणी काय विचारलं, काय उत्तर आलं, ते घरच्यांच्या हातात द्या. इतक्या वर्षांनी त्यात लपवायचं काय उरलंय?

---

कृष्णाकाठ_मिरज

हे शंभर टक्के. फायली उघडायला ना ऑक्सिजन लागतो ना पाणबुडी.

---

तेजपूर_रिटर्न

अमेरिकेचं उदाहरण देतो, कारण ते आपल्याच जमिनीवर येऊन शोधतात. दुसऱ्या महायुद्धात आसाममधनं चीनला हिमालयावरून सामान न्यायचे, हंप म्हणायचे त्या रस्त्याला. शेकड्यांनी विमानं पडली, अरुणाचलच्या जंगलात अजून पत्रे मिळतात, तिथले लोक त्याचे विळे-सुऱ्या करायचे. जानेवारी १९४४ मध्ये कुनमिंगहून चाबुआला येताना बी-२४ बॉम्बर पडलं, आठ जण आत. २००६ ला एका अमेरिकन माणसानं गावकऱ्यांच्या मदतीनं जागा शोधली, मग त्यांचं सरकारी पथक आलं आणि २०१६ ला जे काही थोडं मिळालं ते सन्मानानं मायदेशी गेलं. त्यांच्याकडं यासाठी वेगळं खातंच आहे, ८० हजारांवर बेपत्ता माणसांची यादी इंटरनेटवर, घरच्यांचे डीएनए घेऊन ठेवलेत.

डीएनएचं आपण पण करायला पाहिजे. २०२४ ला रोहतांगला कागद मिळाले म्हणून ओळख पटली. ज्याच्या खिशात कागद नाही त्याचं काय? भाऊ-बहीण हयात आहेत तोवर घेऊन ठेवलं तर उपयोग.

---

रिटायर्ड_एअरमन_विटा

+१. डीएनएचा मुद्दा फार महत्त्वाचा. १९६८ च्या जवानांचे धाकटे भाऊ आता सत्तरी-ऐंशीत असतील.

---

अपशिंगेचा_नातू

यादीसाठी कामाची गोष्ट. दोन्ही महायुद्धांतले आपले लोक कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या साइटवर शोधता येतात, फुकट आहे. पण नावानं शोधू नका, सापडायचं नाही. जाधवचं जाधाव, जादो, जाधो काय वाट्टेल ते लिहिलंय, पुष्कळदा आडनावच नाही, नुसतं पहिलं नाव. बऱ्याच नोंदींच्या खाली असतं, अमक्याचा मुलगा, गाव अमुक, तालुका, सातारा, बॉम्बे. तर जास्तीच्या माहितीच्या रकान्यात सातारा टाकून शोधा आणि मग डोळ्यांनी गाव बघत जा.

सांगलीवाल्यांनी खास लक्षात ठेवा, तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर सगळं साताऱ्यात. १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळं तुमची माणसं पण साताऱ्याखालीच मिळतील. मिरज, जत ही संस्थानं, ती त्यांच्या नावानं बघा.

शुभांगीताई, तोब्रुकच्या न सापडलेल्यांची नावं बहुतेक इजिप्तमधल्या अल अलामीनच्या स्मारकावर आहेत. पलटणीत पाचवी मराठा लाईट इन्फंट्री टाका, साल १९४२. तुमच्या थोरल्या आईंच्या मालकांचं पहिलं नाव आणि वडलांचं नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी बसतो शोधायला.

---

शुभांगी_वाळवा

पाठवलं दादा. सासूबाईंना विचारलं, तारेचा कागद ट्रंकेत आहे म्हणाल्या. नंबर दिसतोय त्यावर, चार आकडे नीट वाचता येतात, पाचवा घडीवर आलाय. नंबर आणि नाव इथं उघड लिहू नका, जमिनीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

---

माणदेशी_वारा (दहिवडी)

बरोबर आहे ताई, हे सगळ्यांनीच पाळूया. घरचे हो म्हणेपर्यंत धाग्यात फक्त गाव, तालुका, साल, लढाई किंवा ठिकाण आणि पलटण लिहा. नाव-नंबर निरोपात. मी वहीत उतरवून घेतोय, तालुक्याप्रमाणं पानं केलीत. वकील साहेब तयार असतील तर ज्या घरांचं कागदांचं काम अडलंय त्यांची वेगळी यादी त्यांच्याकडं देतो.

आत्तापर्यंत धाग्यात आणि निरोपात मिळून माण, खटाव, कोरेगाव, सातारा, वाळवा आणि तासगाव आलंय. जावळी, पाटण, शिराळा, जत, आटपाडीतून अजून काहीच नाही, आणि तिथं फौजी कमी नाहीत.

---

वकील_कराड

तयार आहे. फी नाही. फक्त येताना सातबारा आणि फौजेचा जो असेल तो कागद, फाटका असला तरी, मूळ घेऊन या, झेरॉक्स नको.

---

डोंगरी_पाटण

पाटण तालुका. १९६२ ची चीनची लढाई, नेफा, म्हणजे आताचं अरुणाचल. पलटण आजीला सांगता येत नाही, मोठ्या मामाकडं मेडल आहे, रविवारी जाऊन कडेचा नंबर बघून सांगतो.